बंड्या, डबी पाठवतोय, लावायच्या आधी हे वाच

पुणे, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सिग्नलला गाडीवर होतो, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. एवढ्या हौसेने तू तो बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हेडफोन सेकंडहँड घेतलास आणि मोबाइलला लावल्यावर आवाज एवढुसा, बुवा शेजारच्या खोलीत गातायत आणि मधलं दार लोटलेलं आहे असा, हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग जरा वाईट वाटलं, कारण घ्यायच्या आधी एक फोन केला असतास तर तेव्हाच सांगितलं असतं. असो. हेडफोन उत्तम आहे, फसलेला नाहीस. उद्या भाचा कोयनेने मिरजेला येतोय, त्याच्याबरोबर माझी ती निळी डबी पाठवतोय, आयफाय कंपनीची हिप-डॅक, फोन आणि हेडफोनच्या मधे लावायची, हेडफोनला जोर देणारी. माझ्याकडे ती गेले सहा महिने कपाटात पडून आहे, हल्ली टेबलावरचं मोठं अँप, म्हणजे अँप्लिफायरच वापरलं जातं. वापर हवी तेवढी.

डबी बघून वहिनी काहीतरी बोलतील हे आधीच सांगून ठेवतो, कारण आकार डिट्टो चपटीचा आहे, नावातलं हिप पण त्यावरूनच. सव्वाशे ग्रॅम वजन, खिशात मावते.

आता तुझा आवाज का येत नाही ते. तुझ्या हेडफोनवर २५० ओहम लिहिलेलं असेल बघ, ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. मोबाइलबरोबर जे इयरफोन मिळायचे ते १६ नाहीतर ३२ ओहमचे असायचे, त्यांना थोडक्या व्होल्टेजवर भागतं. तुझ्या हेडफोनला १ मिलिवॉट दिला की तो ९६ डेसिबल आवाज करतो, आणि २५० ओहममध्ये १ मिलिवॉट ढकलायला अर्धा व्होल्ट लागतो. तुझ्याकडच्या त्या छोट्या टाइप-सी डाँगलसारखे, म्हणजे फोनला हेडफोन जोडायच्या त्या शेपटीसारखे, बरेच डाँगल अर्धा ते एक व्होल्टच देतात. तू म्हणशील ९६ काय कमी आहे का, तर अरे ते ९६ म्हणजे रेकॉर्डिंगमधला सगळ्यात जोराचा क्षण, तबल्याची थाप समेवर पडते तो. ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीचा आलाप त्याच्या तीस-चाळीस डेसिबल खाली असतो, म्हणजे तो तुझ्या खोलीतल्या पंख्याशी बरोबरी करत बसतो, आणि त्यात तुझा हेडफोन मागून उघडा, बाहेरचा सगळा आवाज आत. सिनेमाची गाणी ठीक वाजली असतील ना? बरोबर, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत फुल्ल जोरातच मिक्स केलेली असतात. ही डबी साध्या जॅकमधून साधारण ३ व्होल्टपर्यंत देते, हिशोब केलास तर ३६ मिलिवॉट होतात आणि आवाज १११ च्या आसपास जातो. तेवढा कधीच लावायचा नाहीये, पण आलापाला जागा होते.

बाकी आत डॅक आहे, म्हणजे फोनमधले आकडे घेऊन त्याची आवाजाची लाट बनवणारी चिप. सगळे लोक तिच्याबद्दलच बोलतात आणि मला विचारशील तर तिचा वाटा सगळ्यात कमी. तुझं दुखणं व्होल्टचं आहे.

जोडणी. डबीच्या मागे दोन भोकं आहेत. टाइप-सी दिसेल ते फक्त चार्जिंगचं आहे, त्यात फोन जोडून काहीही होणार नाही, आणि पहिल्या दिवशी सगळे तेच करतात, मीही केलं. दुसऱ्या भोकात आत डोकावून बघ, पेनड्राइव्हला असते तशी यूएसबीची नर पिन खोल बसवलेली आहे. म्हणून केबलचं टोक मादी लागतं. हा उलटा प्रकार आयफोनच्या कॅमेरा अडॅप्टरसाठी केलाय, तो थेट बसतो त्यात. तुझ्या अँड्रॉइडसाठी आखूड केबल पाठवतोय, एका बाजूला टाइप-सी, दुसरीकडे मादी. ती हरवू नकोस रे बाबा. माझी पहिली मी हरवली होती आणि तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून दुसरी आणली, दिसायला हुबेहूब, पण डेटाच्या तारा आत नव्हत्याच, नुसतं चार्जिंग. दोन रात्री मी फोनची सेटिंगं उलटीपालटी करत बसलो, एकदा फोन रीसेट करायला पण निघालो होतो, आणि दोष ऐंशी रुपयांच्या केबलचा.

केबल लावूनही फोनने डबी ओळखली नाही तर सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी असं शोध, फोनला बाहेरची उपकरणं जोडायची सोय ती. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते बटण मुद्दाम चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं काही जोडलं नाही की आपोआप बंद होतं. तुझा फोन त्यातलाच आहे बहुतेक. म्हणजे जेवून येईपर्यंत बंद झालेलं असणार आणि तू मला फोन करणार की डबी बिघडली.

आता हे मात्र नीट वाच. पुढच्या बाजूचं गोल बटण हाच आवाज आणि हाच स्विच, खट् झालं की चालू. हेडफोन कानावर चढवायच्या आधी ते शून्याकडे फिरवायचं, दर वेळी, देवाला हात जोडतो तसं. कारण सांगतो. मी फोनवर ते यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो नावाचं ॲप टाकलं होतं, ते अँड्रॉइडच्या मिक्सरला बाजूला ठेवून थेट डबीशी बोलतं, बिटला बिट, मधे काही न बदलता. छान आहे, पण तसं लावलं की फोनच्या बाजूच्या आवाजाच्या बटणांना काही अर्थच राहत नाही. मला हे माहीत नव्हतं. कानात बारके इयरफोन होते, ते जे अगदी आत जातात, रात्री साडेअकराला अंथरुणात पडून तबल्याचा सोलो लावला, फोनवर आवाज दोन काड्या दिसतोय, म्हटलं हळूच असेल. पहिला ‘धा’ पडला आणि मी उठून बसलो नाही, उडालो. इयरफोन ओढून फेकले तरी कानात शिट्टी वाजतेय, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजत होती, डाव्या कानात जास्त. तेवढ्या वेळात काय काय मनात आलं ते तुला सांगत नाही. थांबली, नशीब. तेव्हापासून आधी बटण, मग गाणं, मग कान.

त्याच बटणाशेजारी दोन छोटी बटणं आहेत. पॉवरमॅच म्हणजे गेन, जोर वाढवायचं बटण, तुझ्या २५० ओहमला तो चालू ठेव. वहिनींनी बारके इयरफोन लावले तर तो बंद, नाहीतर शांत जागी मागे सूं असा आवाज येत राहतो, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. दुसरं एक्सबास, खालचे सूर वाढवणारं, ते दाबून बघशीलच, दोन दिवस मजा वाटेल, मग तबल्याचा डग्गा सगळ्या मैफलीवर बसलाय असं व्हायला लागलं की बंद करशील. तुझ्या हेडफोनला खालचं आधीच पुरेसं आहे, उलट वरचं जास्त आहे, हार्मोनियमच्या वरच्या पट्ट्या आणि गाणाऱ्याचा ‘स’ टोचायला लागेल. प्लेअरमधल्या इक्वलायझरमध्ये ८ हजार हर्ट्झच्या आसपास चार डेसिबल खाली ओढ, सुसह्य होतं.

हेडफोनच्या पिनवर जाडा अडॅप्टर असेल तो पेचाचा आहे, ओढू नकोस, फिरवून काढ, आत साधी साडेतीन मिलिमीटरची पिन आहे. ती छोट्या भोकात. शेजारचं मोठं भोक ४.४ मिलिमीटरचं, बॅलन्स्ड, त्याच्या वाटेला तू जायचंच नाहीस. कोणीतरी तुला अडॅप्टर विकायला बघेल की हे लाव, पॉवर दुप्पट. तुझ्या हेडफोनची वायर तीन तारांची आहे, डाव्या-उजव्याची परतीची तार एकच, आणि बॅलन्स्डमध्ये दोन्ही वेगळ्या लागतात. साधा अडॅप्टर लावून त्या दोन एकत्र जुळल्या की अँपचे दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट, डबी गेली.

लॅपटॉपचं सोपं आहे. विंडोज १० ला २०१७ च्या अपडेटपासून अशा डब्यांचा ड्रायव्हर आतच येतो, लावलं की वाजायला हवं. साउंडच्या यादीत डबी निवड, प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन २४ बिट ४४१०० (म्हणजे सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) कर, कारण तुझ्याकडच्या सगळ्या सीडी ४४.१ किलोहर्ट्झच्याच आहेत, आणि ते एन्हान्समेंट नावाचं जे काही आहे ते बंद. डबीवर दिवा हिरवा लागेल. ८८ किलोहर्ट्झ आणि त्याच्या वरची फाइल लावलीस की पिवळा. गंमत बघ, ४४.१ ला पण हिरवा आणि ४८ ला पण हिरवाच, त्यामुळे फोनने मधल्यामधे ४४.१ चं ४८ केलं तरी दिव्यावरून काही कळत नाही, आणि खरं सांगू का, माझ्या कानालाही कधी कळलं नाही. रात्र रात्र जागून मी ते तपासलंय.

लॅपटॉप चार्जिंगला असताना घुंऽऽ असा आवाज आला तर चार्जर काढून बघ. गेला तर दोष तुझ्या भिंतीतल्या अर्थिंगचा किंवा चार्जरचा. माझ्या जुन्या घरी तिसरी पिन नुसती शोभेला होती, लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवला तर मुंग्या यायच्या. फोनची पाठ आणि डबी रबरबँडने एकत्र बांधू नकोस, फोन रेंज शोधायला लागला की चर्रचर्र येतं. गाडीत बसून ऐकायचं तर फोन फ्लाइट मोडवर टाक आणि गाणी आधीच उतरवून ठेव.

हे सगळं झालं की काय लावून बघायचं? पुण्यातल्या माणसाला मी काहीही सांगितलं असतं, पण तू मिरजेचा. सतारमेकर गल्लीतून जाताना रोज जो आवाज तुझ्या कानावर पडतो तो आमच्या नशिबी वर्षातून एकदा, सवाईत. जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, लागलेली आहे की नाही हे तुला दुकानाबाहेरून कळतं, मग तोच हिशोब इथे लाव. एखाद्या चांगल्या रेकॉर्डिंगमधला नुसता तानपुरा घे, गाणं सुरू व्हायच्या आधीचं अर्धं मिनिट. दोऱ्यावरून तार थरथरत जाते आणि षड्जातून एकेक वरचा सूर सुटत जातो, गंधार स्वतःहून ऐकू यायला लागतो, ते होतंय का बघ. माझ्या जुन्या डाँगलवर मी आवाज पूर्ण चढवायचो तेव्हा तानपुरा म्हणजे एक जाड पट्टा व्हायचा, झंऽऽ. डबीवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन तानपुरे आहेत हे कळलं, आणि डावीकडच्या तानपुऱ्याचा पंचम किंचित उतरलेला आहे हेही. तो उतरलेला पंचम ऐकून मला इतका आनंद झाला की मी तुझ्या वहिनीला झोपेतून उठवून ऐकवलं. ती म्हणाली, मग?

पण एक अपेक्षा ठेवू नकोस. हॉस्टेलमध्ये आपण जमवलेली ती १२८ केबीपीएसची एमपीथ्री, सतरा जणांच्या पेनड्राइव्हमधून फिरलेली, ती सुधारणार नाहीत. सीडीमधून सेकंदाला १४११ किलोबिट येतात, त्याचा अकरावा हिस्सा राहिलेला असतो त्यात, आणि गेलेलं कुठलीही डबी परत आणत नाही. उलट टाळ्यांच्या जागी जे पाण्यात बुडबुडे आल्यासारखं होतं ते आता स्वच्छ ऐकू येईल. तुझ्या काकांच्या कॅसेटवरून उतरवलेली रेकॉर्डिंगं पण, टेपची सरसर वाढेल, पण ती मला आवडते, त्यांच्या बाबतीत माझं काही म्हणणं नाही. काकांचा खोकला आहे ना एकात, मध्यंतरात? तो ऐक हेडफोनवर.

बॅटरी ८ तास तरी जायला हवी, आता जुनी झालीये म्हणून ६ धर. लाल दिवा लुकलुकला की लाव चार्जिंगला, साधा मोबाइलचा चार्जर चालतो. वापरत नसलास तरी दोन महिन्यांतून एकदा भर, पूर्ण रिकामी ठेवून दिली तर मरेल. आणि वहिनी झोपल्यावर ऐकताना लक्षात ठेव, मागून उघडा हेडफोन आहे, तू ऐकतोयस ते त्यांनाही ऐकू जातंय.

काही अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर, व्हिडिओ कॉलच कर, म्हणजे तू कुठली केबल कुठे खुपसलीयेस ते मला दिसेल. आणि डबी ज्या काळ्या कव्हरमध्ये घालून पाठवलीये ते भाच्याबरोबरच परत पाठव, तुझ्या वहिनीच्या चष्म्याचं आहे, तिला अजून कळलेलं नाही.

तुझा,
पक्या