मालदीव सहल: रविवारी पासपोर्ट घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी दुपारी 4 वाजता ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सहलीची बैठक आहे. तारखा फेब्रुवारीतल्याच ठरवू. तूर निघालेली असते अन् तिकडे पावसाचे दिवस नसतात.

- पासपोर्ट, सोबत झेरॉक्स. मुदत सहा महिने तरी शिल्लक पाहिजे.
- व्हिसा माले विमानतळावर फुकट मिळतो. परतीचं तिकीट व हॉटेल बुकिंगचा कागद मात्र हातात हवा. 'इमुगा' हा ऑनलाइन फॉर्म प्रवासाआधीच्या 96 तासांत भरायचा. तोही फुकटच. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.
- पूजेच्या मूर्ती तिकडे नेता येत नाहीत. मागच्या बैठकीत एक काकू पितळी बाळकृष्ण बॅगेत घेणार म्हणत होत्या. काकू, त्याला आठ दिवस सुनेजवळ राहू द्या. दारूची बाटलीही नको.
- आपण गावाच्या बेटावर राहणार, रिसॉर्टवर नाही. तिथं फिरताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत. शुक्रवारी सरकारी बोटी बहुतेक बंद असतात, म्हणून तो दिवस प्रवासाचा धरू नका.
- पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.
- खर्रा घरीच ठेवा. यावर चर्चा नाही.

ज्यांना जमत नाही त्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा.