कोर्लईच्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जानेवारीत रेवदंड्याचा पूल ओलांडून काशिदला निघालेली, मागचं चाक बसलेली पांढरी गाडी आठवते? ते आम्ही. स्टेपनीतही हवा नव्हती, हे आमच्या ह्यांचं कर्तृत्व.

तुम्ही अंगणात जवळा वाळत घालत होतात. हात पुसून पहिल्यांदा पाणी दिलंत, मग मुलाला पंक्चरवाल्याकडे पिटाळलंत. "तास जाईल. तवर चर्च बघून या की."

चर्च? या रस्त्यानं मी कॉलेजपासून किती वेळा गेले असेन! कोर्लई म्हणजे किल्ला आणि दीपगृह, एवढंच ठाऊक. तुम्ही शेजारून चावी मागून आणलीत आणि स्वतः सोबत आलात. माउंट कार्मेल मातेचं चर्च. आत गेल्यावर उन्हानं दिपलेले डोळे निवले. माझी सासू चप्पल काढून, पदर डोक्यावर घेऊन बाकावर बसली, देवळात बसते तशीच. तुम्ही काही बोलला नाहीत, तिच्याशेजारी जाऊन बसलात. त्याचे आभार वेगळे.

मग तुम्ही दारातून नातवाला हाक मारलीत. मला वाटलं कोकणी. "नाय गं, नोलिंग. आमची भाषा." मी विचारलं, चर्च खूप जुनं आहे का? तुम्ही हसलात, "आमी पण जुनेच."

घरी येऊन वाचत बसले. १७४० मध्ये खाडीपलीकडचं पोर्तुगीजांचं चौल मराठ्यांच्या हाती आलं, पोर्तुगीज गेले. मागे राहिलेल्यांनी ही नोलिंग मात्र सोडली नाही. आज ती बोलणारे जेमतेम हजारभर. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद आपल्या मराठीसारखं वाक्याच्या शेवटी! तुमचा नातू शाळेत एक भाषा बोलतो, घरी दुसरी, आणि दोन्हींची वाक्यं एकाच चालीनं चालतात. मला याचं अजून नवल वाटतं. आणि तुम्ही ज्या चावीनं दार उघडलंत तो शब्दही पोर्तुगीजच निघाला. पगार, बटाटा, पाद्री, सगळे तिकडचे. तुमची भाषा मला परकी वाटली, आणि त्याच दुपारी 'चावी' मी चार वेळा तरी म्हणाले असेन.

काशिदला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्र दिसलाच नाही. पोरं कुरकुरली, पण सासूबाई गाडीत तुमच्याबद्दलच बोलत होत्या.

तुमच्या मुलानं पैसे घेतले नाहीत, वर तुम्ही जवळ्यानं भरलेला स्टीलचा डबा दिलात. जवळा कांदा आणि कोकम घालून केला, दोन दिवसांत संपला. डबा माझ्याकडेच आहे. १६ जुलैला कार्मेल मातेचा सण असतो ना? पाऊस असेल, तरी येऊ. या वेळी स्टेपनीत हवा भरून.

तुमची,
पांढऱ्या गाडीतली