आधी होडी मोजा, मग मंडप घाला

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

सांगलीच्या होड्यांच्या शर्यतींसाठी निधीचा विषय निघाला की मंडप, बक्षिसे आणि कर्णे यांचीच यादी होते. आमचे मागणे वेगळे आहे. या शर्यतींचा इतिहास लिहून ठेवा, आणि सुरुवात खुद्द होडीपासून करा.

१९२९ साली आयर्विन पूल झाला. त्याआधी भरल्या कृष्णेतून सांगली-सांगलवाडी ये-जा नावेनेच होई. पुलाने उतारू नेले, वल्हे मात्र हातातून सुटले नाही. सांगलवाडी, डिग्रज, समडोळी, कवठेपिरान या गावांची ईर्ष्या आजही पाण्यावर दिसते. केरळात १९५२ साली पंडित नेहरू आलप्पुळच्या शर्यतीला आले, जिंकलेल्या नावेत उतरले आणि पुढे त्यांनी चांदीचा चषक पाठवला. त्या शर्यतीची जन्मकथा सालासकट सापडते. आपली म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा काठावरच्या घरांतल्या वह्या-फोटोंचा लगदा झाला. आता जुन्या होड्या हाच पुरावा; तो मोजून कागदावर उतरवायला हवा.

मोजणी सोपी आहे, पण घाईची नाही. होडी दोनच ओंडक्यांवर टेकवली तर पोट खाली लोंबते आणि मापच चुकते. दर चार फुटांना आधार द्यावा. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत दोरी ताणावी, दर दोन फुटांवर ओळंबा सोडून रुंदी आणि खोली घ्यावी. फळीची जाडी सांध्यापाशी मोजावी, मधे नव्हे; झीज तिथेच कळते. लाकूड कोणते, खिळे कुठे बदलले, वल्ह्याचे पाते किती रुंद, हे त्याच कागदावर यावे. बांधणाऱ्या सुताराचे नावही तिथेच हवे, कारण हे नाव सर्वांत आधी विसरले जाते.

दुसरी गोष्ट निगेची. वैशाखाच्या उन्हात उघडी पडलेली होडी आकसते, सांधे बोटभर दिसू लागतात. मग शर्यतीच्या तोंडावर काथ्या ठासून डांबर फासले जाते. पाण्यात फळी फुगली की त्या काथ्याला जागा उरत नाही. तो बाहेर तरी येतो, नाहीतर फळी खिळ्यापाशी चिरते. होडी आधी काही दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवली तर बहुतेक सांधे आपसूक मिटतात. उरलेली गळतीच तेवढी बुजवायची. होडी उन्हात आकसू नये यासाठी घाटाजवळ पुराच्या रेषेच्या वरच्या बाजूला एक साधी पत्र्याची शेड आणि ओली पोती पुरेत. आमच्या मते कर्ण्यांच्या खर्चापेक्षा हा खर्च कितीतरी मोलाचा.

एका होडीच्या मोजणीला दोन जाणकार माणसे आणि दोन दिवस लागतात. होड्या काठावर असतात तो उन्हाळाच याला योग्य. येत्या चैत्राआधी आदेश निघावा, ही विनंती.

आपले,
कृष्णाकाठचे होडीवाले व नावाडी, सांगली