अवधाण का येते?

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

पायाच्या अंगठ्यात काच घुसली आणि तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण आले, असे तू लिहिलेस. जखम खाली असताना गाठ वर का सुजावी, हा तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण प्रतिकाराची खरी खलबते त्या गाठीतच चालतात.

त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रायटिक पेशी असतात. जखमेतून शिरलेले जिवाणू त्या गिळतात, त्यांच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि लसिकावाहिनीतून, म्हणजे पेशींमधला पाझर वाहून नेणाऱ्या नळीतून, जांघेतल्या लसिकागाठीपर्यंत (तुझे अवधाण ते हेच) जाऊन ते तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर मांडतात. ‘पेशी शत्रूला पाहते’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला म्हणूनच खटकते. टी-पेशीला, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीला, अख्खा जंतू कधीच दिसत नाही. तिला दिसतो तो आपल्याच शरीराच्या एमएचसी नावाच्या रेणूच्या खाचेत बसवलेला, अवघ्या दहा-वीस अमिनो आम्लांचा एक तुकडा. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना 1974 मध्ये कॅनबेरात नेमके हेच आढळले : विषाणूची लागण झालेल्या उंदराच्या टी-पेशी स्वतःशी जुळणाऱ्या वाणाच्या बाधित पेशी मारत, पण तोच विषाणू परक्या वाणाच्या पेशींत असला, तर त्यांना हातही लावत नसत. तुकडा परका आणि खाच आपली, अशी जोडी जमल्याशिवाय ओळख पटत नाही. या शोधाला 1996 मध्ये नोबेल मिळाले.

आता गंमत अशी की, प्रत्येक टी-पेशीचा ग्राही, म्हणजे तो तुकडा ओळखणारे तिच्या पृष्ठभागावरचे प्रथिन, जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून, जंतू भेटण्याच्या कितीतरी आधीच तयार झालेला असतो. त्यामुळे एखाद्या तुकड्याशी जुळणारी पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादीच सापडते. तिची गाठ पडावी म्हणून लसिकागाठ आत येणाऱ्या पेशींना काही काळ बाहेर सोडत नाही; पुढे जुळलेली पेशी भराभर विभागू लागते. तुझ्या हाताला लागली ती ही गर्दी.

तरीही नुसती ओळख पुरत नाही. डेंड्रायटिक पेशीला जंतूची चाहूल लागली असेल, तरच ती सीडी-80 आणि सीडी-86 ही प्रथिने भरपूर प्रमाणात वर आणते, आणि टी-पेशीला तो दुसरा इशारा मिळतो. तो न मिळता ओळख पटली, तर टी-पेशी उठण्याऐवजी निपचित पडते. स्वतःच्याच प्रथिनांवर हल्ला होऊ नये, यासाठीचा हा एक बंदोबस्त मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

बी-पेशींची, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिने (प्रतिपिंडे) बनवणाऱ्या पेशींची, रीत निराळी : त्या प्रतिजन, म्हणजे जंतूचा ओळखू येणारा भाग, अखंड रूपातच पकडतात, पण बहुतेक वेळा प्रतिपिंडे जोमाने बनवण्यासाठी त्यांनाही तोच तुकडा मांडून टी-पेशीचा होकार मिळवावा लागतो.

विभागलेल्या पेशी गाठीतून निघून रक्तावाटे अंगठ्याकडे गेल्या, की सूज ओसरू लागेल. तोवर ती गाठ दाबून पाहू नकोस, आणि ताप चढला किंवा जखमेतून लाल रेघ वर सरकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

तुझा,
विनायक