वेल्श ससा आणि बिळातला बेडूक

कार्डिफ

तीर्थरूप आई आणि बाबांस साष्टांग नमस्कार.

येथील पदार्थांची नावे अशी चमत्कारिक का, असे बाबांनी मागच्या पत्रात विचारले होते. जे वाचले त्यावरून मला वाटते की, यांतील कितीतरी नावांच्या मुळाशी मांसाची टंचाई आहे.

‘वेल्श रॅबिट’मध्ये ससा नसतो; भाजलेल्या पावावर वितळवलेले चीज असते. हे नाव १७२५ पासून लिखाणात आढळते. ज्याला ससाही परवडत नाही त्या वेल्श माणसाचे मांस म्हणजे चीज, असा इंग्रजांनी शेजाऱ्यांना मारलेला टोमणा त्यात आहे, असे सहसा मानले जाते. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकपुस्तकात स्कॉच, वेल्श आणि इंग्लिश असे तीन ‘ससे’ आहेत. त्यांतल्या वेल्श सशाला मोहरी लावायची, इंग्लिश सशाच्या पावावर मात्र पेलाभर तांबडी वाइन ओतायची. कोण कोणाला कसे लेखत होते, हे एवढ्यावरून कळते. पुढे या नावाचे ‘रेअरबिट’ असे सोज्ज्वळ रूप रूढ झाले, ते मला आवडत नाही. जुन्या नावात लोकांची गरिबी निदान नोंदलेली तरी आहे. आपल्या बोंबलाचे ‘बॉम्बे डक’ हे इंग्रजी नावही याच घडणीचे आहे.

‘टोड इन द होल’ म्हणजे बिळातला बेडूक. मैदा, अंडी आणि दूध यांच्या सरसरीत पिठात आज सॉसेज घालून भाजतात. पूर्वी मिळेल ते मांस घालत, म्हणजे थोडक्यात सगळ्यांचे भागे. ग्लासबाईंच्या पुस्तकात अशाच पिठात कबुतरे आहेत.

‘बबल अँड स्क्वीक’ हे नाव शिजताना होणाऱ्या बुडबुड आणि चिरचिर आवाजांचे. मारिया रंडेल यांच्या १८०६ च्या कृतीत गोमांसाचे काप आणि कोबी आहेत, बटाटा नाही. मार्च १९४० मध्ये येथे मांसाचे रेशन सुरू झाले आणि ते जुलै १९५४ पर्यंत चालले. त्या वर्षांत गोमांस गळून बटाटा पक्का झाला, आणि आता रविवारच्या जेवणातून उरलेला बटाटा-कोबी परतला की तोच पदार्थ तयार होतो.

आईने माझ्या जेवणाची काळजी करू नये. येथील ‘ग्लॅमॉर्गन सॉसेज’मध्ये मांस नसते, केअरफिली चीज, कांद्याच्या कुळातली लीक आणि पावाचा चुरा एकत्र वळून तळतात, आणि मी तेच करून खाते.

तुमची,
लेक