दत्ताकडे जाऊन आलो

कोल्हापूर
दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीपा,
सप्रेम नमस्कार.

दोन दिवाळ्या गेल्या आणि तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. सुमन गेल्यावर तू येऊन राहिलास, तेराव्याला कंबर बांधून पंगती वाढल्यास आणि मी तुला स्टँडपर्यंत सोडायलासुद्धा आलो नाही. नंतर तुझे फोन यायचे. नाव दिसायचं, मी वाजू द्यायचो. उचलला असता तर रडलो असतो, दुसरं काही नाही. मनात ठेवू नकोस. फराळाचा डबा पोचला. नलूवहिनींची कडबोळी तशीच आहेत, खुसखुशीत. तब्येत बरी आहे. साखर गोळीवर, गुडघा थंडीवर. झालं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मी दत्ताकडे, आपल्या बोर्डिंगातल्या दत्ताकडे, जाऊन आलो.

थांब. पत्र फाडू नकोस. सगळं वाच, मग काय फाडायचं ते फाड.

सुमन होती तेव्हा माणसं घरी यायची आणि मला वाटायचं ती माझ्याकडे येतात. ती गेल्यावर सहा महिन्यांत कळलं की माणसं तिची होती. कुणाच्या नातीचं बारसं, कुणाच्या भावाचं ऑपरेशन, कोण रुसलंय, कुणाला आधी फोन करायचा, सगळं तिच्याकडे. मी नुसता मागच्या खोलीतून 'कोण आलंय गं?' विचारणारा. सकाळी रंकाळ्यावर एक फेरी मारायची, पेपर वाचायचा, मग दुपार. दुपार फार लांब असते रे श्रीपा. चार वाजता घड्याळ बघितलं तर अडीच वाजलेले असायचे.

मग मार्चमध्ये मला पंचाहत्तर पूर्ण झाली आणि एसटी फुकट झाली. तुलाही फेब्रुवारीत झाली असणार. २०२२ च्या ऑगस्टपासून ही सवलत आहे, पण आपला नंबर आत्ता लागला. पहिल्यांदा कंडक्टरनं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं तेव्हा मी ते खिशात जपून ठेवलं. सुमनची फोन नंबरांची वही तुला आठवते? निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेली. ती काढली आणि 'अ'पासून सुरुवात केली. अकरा तारखेला गारगोटी, पंधराला मलकापूर, मग राधानगरी. ज्यांचे फोन लागले त्यांना सांगून गेलो, नाही लागले त्यांच्याकडे न सांगता. कुणी जेवल्याशिवाय सोडलं नाही. दोन घरांत मात्र फोटोला हार होता. तिथंही बसलो तासभर. गारगोटीच्या माईंना आता दिसत नाही, त्यांनी माझा चेहरा हातानं चाचपला आणि 'वाळलास' म्हणाल्या.

असं करत करत सप्टेंबरात 'द' आला. वाटलं होतं पान उलटून पुढं जावं. पण नावापुढं सुमनच्या अक्षरात लिहिलेलं होतं, जसंच्या तसं लिहितो: 'दत्ताभावोजी. फोनवर नीट ऐकू येत नाही. समोर बसून सावकाश बोलणे.'

श्रीपा, मी ती ओळ किती वेळा वाचली असेन सांगता येत नाही. शाई जुनी होती. सोळा-सतरा वर्षांपूर्वीची तरी असेल, कारण त्याच पानावर त्याचा जुना लँडलाइन नंबर आहे. म्हणजे तिला माहीत होतं. ती मला बोललीही असणार. पण मी तेव्हा तुझ्या बाजूनं पेटलेला होतो, दत्ताचं नाव काढलं की उठून बाहेर जायचो.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीची गाडी धरली.

गल्ली ओळखू येत नाही. आपण जायचो तेव्हा कोपऱ्यापासूनच खटक-खटक सुरू व्हायचं. आता त्याच्या शेडला कुलूप आहे, निम्मी जागा गोडाऊनला भाड्यानं दिलीय. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला ही कथा तो बोर्डिंगात आपल्याला किती वेळा ऐकवायचा! तू उशी फेकून मारायचास. त्याचे स्वतःचे आठ माग भंगारात गेले. मागावर आडवं सूत नेणारा एक धोटा तेवढा खिडकीत ठेवलाय, घासून गुळगुळीत झालेला.

दत्ता कॉटवर बसला होता, दाराकडे पाठ करून. मी हाक मारली. दोनदा. तिसऱ्यांदा ओरडलो. हलला नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझ्या शुभाचं लग्न उभं राहिलं. २००९, मे महिना, तू स्टेजवर फेटा बांधून उभा, खाली बँड, तू हात करून ओरडतोयस 'दत्ता, ये, फोटोला ये', आणि तो तुझ्याकडे बघून तोंड फिरवून चालू लागलेला. शंभर माणसांत. तू त्या दिवशी जे म्हणालास ते मी इथं लिहीत नाही. मीही तुझ्याबरोबर म्हणालो होतो.

त्याला ऐकूच आलं नव्हतं. त्यानं मला सांगितलं ते असं: 'श्रीपा हात करत होता. मला वाटलं, बाजूला हो म्हणतोय, फोटोत येतोयस.' म्हणून बाजूला झाला. जेवलाही नाही, घरी निघून आला. सोळा वर्षं त्याच्या मनात हे की श्रीपानं मला फोटोतून हाकललं.

आता नीट ऐक. त्याच्या नातीनं, प्राजूनं, मागच्या वर्षी धरून नेऊन कान तपासून घेतले. तिथल्या मुलानं तक्ता काढून समजावलं, तो प्राजूनं मलाही दाखवला. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास काढले की कान झिजायला लागतात, आणि मागाच्या शेडमध्ये पंचाण्णव-शंभर सहज असतो. हा पस्तीस वर्षं त्यात उभा होता. कानातल्या बारीक पेशी गेल्या की परत येत नाहीत. आणि आधी जातात त्या वरच्या पट्टीतल्या. म्हणजे आवाज येतो, पण अक्षर उमटत नाही. स, श, फ, त असले वर्ण गळून पडतात. बायकांचं, पोरांचं बोलणं आधी हरवतं. लोक म्हणतात 'याला सोयीचं तेवढं ऐकू येतं', तसं नसतं ते. ओरडलं की आणखी फुटतं, कळत काहीच नाही. शेडमध्ये मात्र त्याला कधी अडचण आली नाही, कारण तिथं सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. त्याच जोरावर त्यानं पुढची वर्षं काढली. मग कोरोना आला आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क. तेव्हापासून तो घराबाहेर पडायचा बंद झाला. कुणी काही विचारलं की 'हो हो' म्हणायचं आणि आत जायचं. गल्लीत नाव पडलं, दत्ताजीराव शिष्ट झाले.

आपल्यात सगळ्यांत तिखट कान कुणाचे होते, आठव. ११ डिसेंबर १९६७. पहाटे चार-सव्वाचारला आधी उठून बसला तो दत्ता. 'रेल्वे आली' म्हणाला. बोर्डिंगाजवळ कुठली रेल्वे! मग भिंती हलायला लागल्या, कोयनेचा भूकंप. आपण सगळे चादरी गुंडाळून मैदानात पळालो आणि तू आत घोरत होतास. परत आत गेला तो दत्ताच. तुला एका पायाला धरून ओढत बाहेर आणलं, तुझी विजार निम्म्या वाटेत राहिली. दरवर्षी अकरा डिसेंबरला तो तुझ्या विजारीसाठी दोन मिनिटं उभं राहायला लावायचा.

आता साठ हजारांचं. तुझा राग तिथंच सुरू झाला होता, लग्न नंतरचं, हे मला माहीत आहे. १९९६. नाशिकच्या ब्लॉकचा हप्ता अडला, तू दत्ताला ट्रंक… नाही, तेव्हा एसटीडी होता, बूथवरून फोन केलास. साठ मागितलेस. त्यानं माणसाच्या हाती आठ पाठवले. तुला वाटलं भीक घातली. पाकीट परत द्यायला तू मलाच धाडलंस, आणि मी ते त्याच्या टेबलावर ठेवून चहा न घेता निघून आलो.

त्या मुलानं सांगितलेलं ऐकल्यापासून माझ्या डोक्यात हेच घुमत होतं. स गळतो. त्यातून फोन, फोनवर तर चांगल्या कानाच्या माणसालाही स नीट पोचत नाही, वरची पट्टी तारेतच कापली जाते. मी दत्ताच्या समोर खुर्ची ओढली, पंखा बंद केला, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल असा बसलो आणि विचारलं, 'श्रीपानं तुझ्याकडे किती मागितले होते?' म्हणाला, 'आठ. आठ मागितले, आठ धाडले. वर परत कशाला पाठवले? माझा पैसा बाटलेला होता का?'

मी पेपरच्या समासात पेन्सिलीनं ६० लिहिलं.

तो बराच वेळ बघत राहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली, ६० च्या खाली ८ मांडला, रेघ ओढली आणि खाली ५२ लिहिले. जन्मभर हिशेब केलेला माणूस. 'बावन्न राहिले की रं त्याचे,' म्हणाला. आणि उठून मोरीत गेला, नळ सोडून उभा राहिला. मी बाहेर गेलो नाही. बसून राहिलो.

इथपर्यंत वाचलंस ना? पाणी पी.

माझी काळजी पुढं आहे. दोन्ही कानांची यंत्रं घेतलीत, बत्तीस हजारांची. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे एकदाच मिळतात ते तीन हजार त्यात घातले, बाकीचे प्राजूनं पहिल्या पगारातून. पण हा ती घालत नाही. सुपारीच्या डबीत ठेवतो. म्हणतो, भांडं पडलं की कानात बॉम्ब फुटतो, पंखा सुद्धा गिरणीसारखा वाजतो. खरं आहे ते. इतकी वर्षं न ऐकलेलं सगळं एकदम आत येतं, मेंदूला परत शिकावं लागतं. आधी शांत खोलीत तासभर, एकाच माणसाशी बोलायचं, मग वाढवत न्यायचं, काही आठवडे रोज. डबीत ठेवून ते होत नाही. आणि तो सेल! हरभऱ्याएवढा, वर नारिंगी कागद. कागद काढला की हवेनं चालू होतो आणि मग घाला न घाला, संपत जातो. दत्ताला वाटतं वापरला नाही म्हणजे वाचला. कागद परत चिकटवून ठेवतो. मी चार वेळा समजावलं.

प्राजू घरी असते तोवर तिच्या धाकानं घालतो. ती जानेवारीत नोकरीला बंगळूरला चालली. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात, चांगली आहेत, पण थकून येतात. मग याच्यासमोर तोंड करून बोलणारं कोण राहील? मला रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळं. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. पेपर मोठ्यानं वाचतो, तो माझे ओठ बघतो, मध्येच मी पेपर तोंडासमोर धरतो आणि निव्वळ कानानं ओळखायला लावतो. मागच्या शुक्रवारी त्यानं 'सूतगिरणी' हा शब्द पकडला. न बघता. पहिलाच स होता त्यात! मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या तर यंत्र काढून म्हणतो, हळू की, कान फाटला. पण माझ्या एकट्याच्या आवाजाची सवय होऊन उपयोग नाही रे. त्याला दुसरा आवाज हवा. भांडणारा. मी त्याच्याशी कधीच भांडू शकलो नाही, ते तुझंच काम होतं. प्रत्येक बुधवारी मेसमध्ये पोळ्यांवरून.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं असं शुभा म्हणाली. थेंब वेळेवर घाल. नव्या फ्लॅटला लिफ्ट आहे ना? वहिनींच्या गुडघ्याला जिना नको. चिंटूच्या बारावीचं काय झालं ते कळव, मी त्याला घड्याळ देणार म्हणालो होतो ते विसरलेलो नाही.

तर आता ये. अकरा डिसेंबरला गुरुवार येतो. दहाला संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पोच, पहाटे चारला उठू, दत्ताला प्राजू आदल्या दिवशीच आणून सोडेल, तिनं कबूल केलंय. रंकाळ्यावर थर्मासमधनं चहा नेऊ. तिथं पहाटे आवाज नसतो, नव्या कानाला ते बरं. नाशिकहून पुण्याला गाडी बदल, एका दमात बसू नकोस, आधार कार्ड वरच्या खिशात ठेव. स्वेटर आण. वहिनी येणार असतील तर फारच चांगलं, त्यांना अर्धं तिकीट आहेच.

दत्ताला अजून सांगितलेलं नाही की तुला लिहितोय. तू नाही आलास तर त्याला कळायला नको म्हणून. पण त्या दिवशी मी निघताना दारात उभा राहून त्यानं विचारलं, 'श्रीपाची मिशी आहे का अजून तशीच?' मी म्हटलं, आहे, पांढरी झाली, पण तशीच, तोंड झाकणारी. तर म्हणाला, 'लग्नातसुद्धा त्या मिशीतनं काही दिसलं नाही बघ मला.'

पन्नास वर्षांची मिशी आहे, वहिनींनी सांगूनही तू कधी कापली नाहीस, मला माहीत आहे. सगळी काढ असं म्हणत नाही. वरच्या ओठावरची तेवढी छाटून ये. ओठ दिसले पाहिजेत.

वाट बघतो.

तुझा,
विसू

ता. क. पेपरचा तो तुकडा दत्तानं कापून धोट्याच्या खाली ठेवलाय. तू आलास की बावन्नाचं काय ते तुम्ही दोघं बघा, मी मध्ये पडणार नाही.