माळीकाका, मनापासून आभार

आदरणीय माळीकाका,

तुम्ही वेळेवर आला नसतात, तर आम्ही बॉक्सवुडचं अख्खं कुंपण उपटून टाकलं असतं. पानं वाळलेली, फांद्याफांद्यांत जाळं, आणि जो तो बुरशी बुरशी म्हणत होता. तुम्ही काही न बोलता हाताने झुडूप फाकवलंत आणि आतलं पान उलटून दाखवलंत. हिरवट-पिवळी अळी, अंगावर काळ्या रेघा, डोकं काळं कुळकुळीत, आणि खालच्या पानांवर खसखशीसारखी हिरवी विष्ठा. ही अळी ज्या पतंगाची, तो मूळचा पूर्व आशियातला आणि २००७ साली युरोपात सापडला, हेही तुमच्याकडूनच कळलं.

सगळ्यात मोठे आभार मात्र जालीम औषध मारू न दिल्याबद्दल. अळ्यांबरोबर मधमाश्या आणि मित्रकीटकही गेले असते. तुम्ही आधी मोठ्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायला लावलंत, मग बीटी फवारायला. हे जिवाणूंचं औषध पोटविष आहे, पानाबरोबर पोटात गेलं तरच काम करतं. त्यातलं प्रथिन आतड्याला भोकं पाडतं. अळी काही तासांत खाणं सोडते, पण मरायला काही दिवस घेते. दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळताना पाहून आमचा धीर सुटत होता. ‘पान खातेय का ते बघा, हलतेय का ते नको,’ हे तुमचं वाक्य तेव्हा फार कामी आलं.

उन्हात बीटी लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळची फवारणी. नोझल झुडपाच्या पोटात घालून पानांच्या खालच्या बाजूपर्यंत औषध पोचवायचं. तेही अळ्या कोवळ्या असताना, मोठ्या झाल्या की त्या फारशी दाद देत नाहीत. मादीच्या गंधाने पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यालाही मर्यादा आहे. त्यात फक्त नर अडकतात, त्यावर कुंपण वाचत नाही. पण पतंग दिसू लागले की अंडी शोधायला लागायचं, एवढं नक्की कळतं.

साल नखाने खरवडून आतला हिरवा रंग दाखवलात, म्हणून आम्ही कुंपण उपटायचं थांबलो. त्या फांद्यांना आता दाट पालवी फुटली आहे. साल कुरतडलेल्या तेवढ्या छाटल्या. परवा सापळ्यात पुन्हा पतंग दिसले, त्यामुळे रोज पानं उलटून बघणं चालू आहे. सवड झाली की एकदा येऊन कुंपण बघून जा.

तुमची ऋणी,
पलीकडच्या बागेतली शेजारीण